मागील पिढीचे बटण

नाशिकचे सावळीराम गांगुर्डे यांच्या स्पोर्ट्स गाडीच्या पुढच्या दिव्यांचे बटण एक्क्याऐंशी सालच्या चैत्रात निकामी झाले. घटना गंभीर होती. वैशाखात कळवणला त्यांच्या पत्नी मालनबाईंच्या भाचीचे लग्न होते आणि संध्याकाळची वरात आपल्याच गाडीतून निघणार, असे मालनबाईंनी नवऱ्याला न विचारता माहेरी जाहीर करून टाकले होते. त्यावर वहिनी लंकाबाई "दोन मानसांची गाडी? खेळनं हाय का काय!" असे म्हणाल्याचेही त्यांच्या कानावर आले होते. तेव्हा प्रश्न आता दिव्यांचा राहिला नव्हता, इभ्रतीचा झाला होता.

गाडी विलायती, अडुसष्ट सालची, बिनटपाची, लालभडक. देवळालीच्या एका पारशी गृहस्थांनी "जपशील ना, बावा?" असे पुनःपुन्हा विचारून ती सावळीरामांच्या हवाली केली होती. सावळीराम सरकारी कचेरीत हेडक्लार्क. अख्ख्या नोकरीत त्यांनी परिपत्रकात न बसणारी एकच गोष्ट केली, ती म्हणजे या गाडीवर जीव लावला.

तिच्या टिचकीसरशी दाबायच्या बटणाला जोड कुठे मिळेना. मुंबईच्या भंगारबाजारात मिळाले ते त्याच जातीच्या, पण छप्पन सालच्या गाडीचे, बाहेर ओढायचे बटण. अंबडचा वायरमन झुंबर ते उलटसुलट करून म्हणाला, "साहेब, तारा त्याच हायेत. चहा येईस्तोवर बसवतो."

"आणि परवानगी?"

"कशाची?"

सावळीरामांनी त्याच्याकडे कीव करून पाहिले. छप्पनचे बटण अडुसष्टच्या गाडीला परस्पर लावायचे! उद्या लोक आपल्या मनाने हॉर्नसुद्धा बदलतील. ते तडक वाहन अंगभूत फेरबदल कार्यालयात गेले. कारभार मराठीतून करावा हे परिपत्रक त्यांना पाठ होते. म्हणून 'जनरेशन' हा परका शब्द खोडून त्यांनी अर्जाचा विषय शुद्ध मराठीत लिहिला : 'मागील पिढीचे बटण पुढील पिढीस मिळणेबाबत.'

त्या एका शब्दाने घात केला. अर्ज फेरबदलाच्या टेबलावर गेलाच नाही. मालक वारल्यावर गाडी कोणाच्या नावे करायची हे ठरवणाऱ्या टेबलावर गेला. तिथे अव्वल कारकून मोतीराम शेवाळे बसत.

"मागील पिढी हयात आहे?" शेवाळ्यांनी विचारले.

"ती गाडी भंगारात निघाली."

"म्हणजे मयत. मृत्यूचा दाखला?"

"अहो, गाडीचा कुठून आणू?"

"म्हणजे दाखल्याविना मयत. मूलबाळ?"

"साहेब, गाडी होती ती!"

"निपुत्रिक," शेवाळे लिहिता लिहिता हळहळले. "अशाच ठिकाणी भाऊबंद उभे राहतात बघा. जाहीर नोटीस काढावी लागेल."

नोटीस निघाली आणि भाऊबंद उभा राहिला. सिन्नरच्या सहादू बोडक्यांच्या गोठ्यात त्याच सालची, त्याच जातीची एक गाडी होती. तिच्यात कोंबड्या राहत. मयत गाडी ही आपल्या गाडीची सख्खी बहीण, सबब बटणात निम्मा हिस्सा मिळावा, असे त्यांचे म्हणणे पडले. सुनावणीत त्यांनी त्या भंगारातल्या गाडीचे असे गुण गायले, की मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते हेच.

शेवाळ्यांनी विचारपूर्वक तोड काढली. बटणाला बाजू दोन, चालू आणि बंद. 'चालू' गांगुर्ड्यांची, 'बंद' बोडक्यांची.

"म्हणजे एकदा लावलेला दिवा विझवायला मी सिन्नरला जाऊ?" सावळीरामांचा आवाज चिरकला.

"संमती आणायला. विझवायचा तुम्हीच," शेवाळे म्हणाले.

यावर सहादूच उठले. "मला नुसतं बंद नको. माझी गाडी तशी बी बंदच हाय," असे म्हणून त्यांनी हक्क सोडला आणि जाताना सगळ्यांना उसाचा रस पाजला. सावळीरामांना वाटले, सुटलो. पण शेवाळ्यांची पेन्सिल दोन सालांवर येऊन थबकली होती.

"गांगुर्डे, बटण छप्पनचे आणि गाडी अडुसष्टची. बटण थोरले. थोरले धाकट्याकडे राहायला येते, त्याला वारसा म्हणत नाहीत, सांभाळ म्हणतात. आणि धाकटी स्वतःच तुमच्याकडे राहते. तेव्हा दोघांचा भार तुमच्यावर. बटण तुमच्यावर अवलंबून असल्याचा पुरावा जोडा."

"कोणता?"

"शिधापत्रिका. दुसरा कोणता चालतो आपल्याकडे?"

सावळीराम नियमाचा माणूस. त्यांनी बटणाचे नाव रेशनकार्डावर चढवले. नाव : बटण. वय : पंचवीस. नाते : कुटुंबप्रमुखाच्या गाडीचे वडीलधारे. रेशन दुकानदाराने कार्ड पाहिले, माणसे मोजली आणि काही न विचारता बटणाच्या वाटणीची साखर मापून दिली. मालनबाईंनी त्या दिवशी शिरा केला. आळीत वाटलासुद्धा.

लग्न तोंडावर आले आणि परवानगीचा आदेशही आला. झुंबर पक्कड घेऊन अंगणात हजर. गाडी अशी पुसलेली की तिच्यात तोंड पाहावे. सावळीरामांनी ओट्यावर उभे राहून आदेश मोठ्याने वाचला आणि शेवटच्या अटीवर अडखळले : 'बटण गाडीस बसविताच ते गाडीत विलीन झाले असे समजून कुटुंबातून त्याचे नाव कमी करण्यात येईल.'

"म्हंजे बसवलं की साखर बंद?" मालनबाईंनी विचारले.

"नियमाने, होय."

"आन् नाय बसवलं तर?"

"तर ते आपल्या घरचं माणूस."

मालनबाईंनी एकदा गाडीकडे पाहिले, एकदा आत फडताळातल्या डब्याकडे. सावळीरामांचा जीव टांगणीला लागला होता. घाटात बायकोचा पदर वाऱ्यावर उडतो आहे आणि दारात लंकाबाई तोंडाचा आ करून उभ्या आहेत, हे चित्र त्यांनी रोज गाडी पुसताना रंगवले होते. तिने गाडी म्हणावे, असे त्यांना मनापासून वाटत होते.

"झुंबरभाऊ, चहा घेऊन जा," मालनबाई म्हणाल्या. "आमी एष्टीनं जाऊ. घरातल्या वडीलधाऱ्या मानसाला काय भोकात कोंबायचं?"

वरात ट्रॅक्टरवरून निघाली. लंकाबाईंनी भर वरातीत विचारलेच, "वन्सं, गाडी कुठं ऱ्हायली?"

"घरी लय म्हातारं मानूस हाय," मालनबाई पदर सावरत म्हणाल्या. "त्याला टाकून गाडी कशी आनायची?"

बायका हळहळल्या. सावळीराम ट्रॅक्टरच्या मागे धूळ खात चालले होते. त्यांना रडू येत होते, पण तसे रडण्याची तरतूद कुठे नव्हती.

आता वाचक हसतील आणि म्हणतील, काय एकेक माणसे असतात! खुशाल हसावे. फक्त हसून झाल्यावर आपले रेशनकार्ड काढून पाहावे. नातवंडे झालेली आत्या त्यावर अजून कुमारी आहे. अमेरिकेतला काका दरमहा रॉकेलच्या रांगेत उभा आहे. आणि केव्हाच वारलेले आजोबा दिवाळीची जादा साखर खाऊन खुशाल आहेत. गांगुर्ड्यांचे बटण निदान ओढले तर हलत तरी होते.