अजून थोडं मागे

"माझ्या कॅमेऱ्यातून सुटलेला माणूस अजून जन्माला यायचाय!" असं फोटोग्राफर नवरीला छातीठोकपणे म्हणाला, आणि तिथेच त्याचे ग्रह फिरले. त्याला सगळे 'अचूक' म्हणत. हे नाव त्याचं त्यानेच पाडून घेतलं होतं. लोकांनी नुसतं चालवून घेतलं.

लग्न गावाबाहेरच्या एका ऐसपैस दगडी घरात होतं. पुढे हिरवळ, मागे तळं, आणि आत इतके जिने की सकाळी वर गेलेला नवरदेवाचा भाऊ दुपारपर्यंत खाली सापडला नव्हता. नवरीने अचूकला त्यातल्याच एका जिन्याखाली ओढलं.

"दादा, बाकीचे फोटो बिघडले तरी चालतील. मला बाबांचा एक हवाय. हसतानाचा."

"एवढंच? चुटकीसरशी!"

"डॉक्टर म्हणाले, हा हिवाळा काही..." ती थांबली. "बाबांना सगळं माहीत आहे. म्हणून तर ते फोटो काढूच देत नाहीत. घरात त्यांचा एकही धड फोटो नाही, दादा."

अचूकने मान डोलावली आणि कामाला लागला.

नवरीचे बाबा काठी टेकत चालायचे. एरवी गोगलगाय, पण लेन्स दिसली की मुंगूस! मुलीला मिठी मारताना त्यांनी तोंड तिच्या फुलांत खुपसलं. सगळ्या कुटुंबाच्या फोटोत नेमके नवरीच्या मावशीच्या टोपीमागे बसले. मावशीची टोपी एवढी मोठी, की तिच्यामागे आणखी दोघे गायब झाले. जेवताना त्यांनी ताट उचलून थेट तोंडापुढे धरलं. रस्सा मांडीवर सांडला, पण ताट हललं नाही. अचूक पडद्याआड दबा धरून बसला, तर मावशीला वाटलं चोर! तिने छत्री हाणली. आधी हाणली, मग विचारलं.

"फोटोग्राफर आहे हो मी!"

"मग असे पडद्यात काय करताय? लग्न तिकडे आहे!"

आता नवरदेवाकडच्या मंडळींना संशय आला. फोटोग्राफर नवरीला सोडून त्या काठीवाल्याच्याच मागे का? त्यांनी मावशीला गाठलं. मावशीच्या पोटात जेवण सोडून काही टिकत नसे. ती एकाच्याच कानात पुटपुटली. अर्ध्या तासात हिरवळीवर दोन रांगा लागल्या. पाहुणे एका रांगेत नवरा-नवरीला म्हणत, "अभिनंदन!" आणि तिथून सुटले की दुसऱ्या रांगेत बाबांचा हात धरत.

"फार वाईट झालं हो."

"धन्यवाद," बाबा म्हणाले.

"फार त्रास झाला का?"

"अजून व्हायचाय."

एक गृहस्थ तर त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडले, बाबांच्याच कोटाला नाक पुसलं आणि निघताना म्हणाले, "माणूस मात्र सोन्यासारखा होता!"

बाबा उठले आणि घरामागे, तळ्याकाठच्या बाकावर जाऊन बसले. अचूक दोन्ही कॅमेरे सांभाळत मागोमाग पोचला. धाप लागली होती. छत्रीचं टेंगूळ आता अंड्याएवढं झालं होतं.

"बस," बाबा म्हणाले. "तुला काय वाटतं, मला कळत नाही? भिंतीसाठी फोटो हवाय तुम्हाला."

"काका, तिची फार इच्छा आहे."

"माझ्या बायकोचा आहे ना भिंतीवर. कुणाच्या तरी वाढदिवसाला काढलेला. ती गेल्यावर घाईघाईत तोच कापून मोठा केला. तिच्या खांद्यावर कुणाचा तरी हात राहिलाय. नुसता हात! इतकी वर्षं बघतोय, कुणाचा ते आठवत नाही. आणि ती रोज केककडे बघते. केक कापून टाकलाय, तरी बघते. मी समोर जेवायला बसलेला असतो, माझ्याकडे नाही."

अचूक असल्या वेळी लेन्स पुसायचा. त्याने पुसली.

"बरं, काढ," बाबा एकदम म्हणाले. "पण पूर्ण काढ. पायांपासून. बूट नवे आहेत."

अचूकला आकाश ठेंगणं झालं! दुसरा कॅमेरा त्याने बाकावर ठेवला, पहिला डोळ्याला लावला आणि उभा राहिला.

"बूट येताहेत का?"

"नाही, काका."

"मग थोडा मागे जा."

तो मागे गेला.

"आता?"

"गुडघ्यापर्यंत येताय."

"अजून थोडं मागे."

डोळ्याला कॅमेरा लावलेल्या फोटोग्राफरला पाठ नसते. बूट चौकटीत आले, बाबांच्या ओठांचा कोपरा हलला, बोट बटणावर टेकलं, आणि अचूक धपकन तळ्यात!

वर आला तेव्हा डोक्यावर शेवाळ होतं आणि कॅमेऱ्यातून पाणी वाहत होतं. आणि बाकावर बाबा हसत होते! पोट धरून, खोकत, डोळे पुसत! नवरीला हवं होतं तस्संच! अचूकने जिवाच्या आकांताने बटण दाबलं. कॅमेऱ्यातून एक बुडबुडा आला.

बाबांनी शेजारचा कोरडा कॅमेरा उचलला.

"हस," ते म्हणाले. आणि दाबलं.

हिवाळा संपायच्या आत बाबा गेले. अचूकने लग्नाचे सगळे फोटो पुन्हा चाळले. फुलं होती, टोपी होती, ताट होतं. बाबांचं तोंड एकातही नव्हतं. नवरीला तोंड कसं दाखवावं, या विचारात तो भेटायला गेला, आणि दारातच थिजला.

भिंतीवर, आईशेजारी, काळ्या चौकटीत तो स्वतः होता. कमरेपर्यंत पाण्यात, शेवाळासकट, तोंड वासलेला.

"ताई, हा तर मी आहे!"

"बाबांनी काढलेला एवढाच आहे," नवरी म्हणाली. "आणि बघ, फोटो हललाय. हसत होते ना ते."

अचूक फोटोकडे बघत राहिला. फोटो खरंच हललेला होता. जवळ पुसायला लेन्सही नव्हती.

तेवढ्यात एक वयस्कर पाहुणे त्याच्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी चष्मा काढला, चौकटीपुढे मान खाली घातली.

"किती वय होतं हो?"

"तीस," अचूकच्या तोंडून निघून गेलं.

"अरेरे! हे काय जायचं वय?"

"नाही ना," अचूक म्हणाला, आणि त्यानेही मान खाली घातली.