तीनदा पुकारा

आमच्या गल्लीत कुणाची कोंबडी हरवली, तर तिला शोधत हिंडायची पद्धत नव्हती. हाजिरमामांना सांगायचं. मामा ओट्यावर उभे राहत, डावा हात कमरेवर ठेवत, उजवा कानामागं धरत आणि हाक देत, "शांताबाई विठोबा माळी यांची तांबडी कोंबडी हाजिर होऽऽ!" अशी तीनदा. तिसऱ्या हाकेलाही कोंबडी आली नाही, तर मामा हात खाली घेत आणि शांताबाईला निकाल सांगत, "गैरहाजर हाय. आता माज्या हातात काय न्हाय." नंतर कोंबडी आपल्या पायांनी दारात आली तरी मामा तिच्याकडं बघत नसत. वेळेवर न येणाऱ्या पक्षकाराबद्दल त्यांना दयामाया नव्हती.

मामांचं खरं नाव हणमंत वाघमोडे. उमरग्याच्या कोर्टात ते पुकारा करणारे शिपाई होते. निजामाच्या राज्यात चिकटले. राज्य गेलं, कारभार उर्दूतून मराठीत आला, पण मामांच्या तोंडचं 'हाजिर हो' काही गेलं नाही. एका न्यायाधीशांनी त्यांना 'हजर राहा' म्हणायला सांगितलं होतं. मामांनी थोडे दिवस म्हणून बघितलं आणि साहेबांना जाऊन सांगितलं, "राहा म्हणलं की मानूस हाय तितंच राहतंय, साहेब. हाजिर हो म्हणलं की उठतंय."

निवृत्त झाले तेव्हा लाल पट्टा आणि पितळी बिल्ला सरकारजमा झाला. आवाज सरकारनं परत मागितला नाही. एवढा मोठा आवाज घेऊन मामा घरी आले, आणि आता तो ठेवायचा कुठं हे त्यांना कळेना.

आधी ते मारुतीच्या देवळात पत्ते खेळायला जाऊन बसले. तिथल्या म्हाताऱ्यांचा डाव गुपचूप चाले. मामा ज्याची पाळी असेल त्याचं नाव बापाच्या नावासकट पुकारत. एकदा एक म्हातारा दचकून पानं उलटी टाकून बसला, तेव्हा मामांना हात जोडून आरतीकडं पाठवण्यात आलं. आरतीत त्यांनी देवाला तीनदा पुकारलं आणि मग ते दाराकडं बघत उभे राहिले. मागचे भाविकही वळून दाराकडं बघायला लागले. पुजारी म्हणाला, "मामा, देव हितं आत हाय." मामा म्हणाले, "मग व्हय म्हणायला काय झालं?"

लग्नात त्यांना पंगत उठवायला-बसवायला बोलावत. एका लग्नात नवरदेव फेटा बांधत बसला होता. मामांनी मांडवातून तीन हाका दिल्या, दम घेतला आणि सवयीनं जाहीर केलं, "नवरदेव गैरहाजर. पुढचं?" पुढचं कुणी नव्हतं. मुलीचा बाप मटकन खाली बसला. पुढं वर्षभर मामांना कुणी लग्नाचं बोलावणं दिलं नाही. ते रोज सकाळी अंघोळ करून, पांढरा सदरा घालून ओट्यावर येत आणि पट्टा सारखा करायला हात कमरेकडं नेत. तिथं पट्टा नसे. मग तो हात ते तसाच खाली नेऊन धोतर झटकत.

मी हे हसत सांगतोय, पण त्यांच्या पुकाऱ्याला मी कधी हसलो नाही. आमचं घर बौद्ध. माझ्या आज्ज्याला गावात कुणी त्याच्या पुऱ्या नावानं हाक मारलेली नव्हती. जे नाव होतं ते अर्धं तोडून, शेवटी 'या'चा एक ओरखडा काढून मारायचे. एकदा त्याला साक्षीसाठी कोर्टात जावं लागलं. बाहेर लिंबाखाली तो अंग चोरून बसला होता, आणि व्हरांड्यातून मामांनी त्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, आडनाव असं सगळं पुकारलं. आज्जा घरी येऊन म्हणाला, खटल्याचं काय झालं ते मला म्हाईत न्हाय, पण माजं नाव एवढं लांब हाय हे आज कळलं. मी मामांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "कोर्टात नाव अर्धं घेता येत न्हाय, बाबा. अर्ध्या नावाला मानूस बी अर्धंच येतंय."

मी त्या काळात पत्रकं लिहीत असे. वडिलांनी सभांमधून आणलेल्या पत्रकांवरच मी वाचायला शिकलो होतो, त्यामुळं जगातली कुठलीही गोष्ट मला आधी मथळ्यासारखी दिसायची. मामा मला सकाळी विचारत, "काय पत्रकवाले, आज कुनाचा निषेध?" मी सांगितला की म्हणत, "जोरात करा. पर नाव पूर्ण लिवा."

मग दुष्काळ आला आणि मामांच्या आवाजाला काम लागलं. आमच्या भागात पाण्याचा टँकर यायचा. तो आला की आधी घागरी भिडत, मग बायका, मग त्यांचे नवरे. एक दिवस एका बाईचं डोकं फुटलं. दुसऱ्या दिवशी मामा टँकरच्या पायरीवर चढून उभे राहिले. त्यांनी एकेक घर पुकारायला सुरुवात केली. ज्याचं नाव येईल त्यानं पुढं यायचं, बाकीच्यांनी सावलीत बसायचं. पुढाऱ्याच्या घरची मोलकरीण मध्ये घुसली, तर मामा म्हणाले, "तुमचा नंबर बोर्डावर न्हाय. बसा." ती बसली. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. आठ पत्रकांनी जे झालं नव्हतं ते एका पायरीवरून झालं होतं. मामांचा चेहरा त्या उन्हाळ्यात उजळला. सगळ्यांची तोंडं सुकली होती, आणि हा गृहस्थ टवटवीत.

माझी त्यांच्यावर एकच तक्रार होती. जगाला नावानं पुकारणारा हा माणूस घरी आपल्या बायकोशी बोलत नसे. भामामामींचे कान काही वर्षांपूर्वी तापात गेले होते. गल्लीतले वात्रट म्हणायचे की ताप नव्हे, मामांच्या आवाजानंच गेले. आम्ही मामींशी बोलताना ओरडायचो, मामी मान हलवायच्या आणि पाणी मागितलं तर चटणी आणून द्यायच्या. मामा ओरडतही नसत. आमच्या घरांच्या मध्ये एक भिंत. मी संध्याकाळी अंगणात लिहीत बसे, तेव्हा पलीकडून मामांचा एक शब्द यायचा नाही. मध्येच मामी एकट्याच बोलायच्या, कधी खुदकन हसायच्या. मला वाटे, बिचाऱ्या गाईशी बोलतात. देवणी गाय होती त्यांची, माहेराहून आणलेली. मामी तिला पोरीसारखं जपायच्या.

शेवटी न राहवून मी म्हणालो, "मामा, तुम्ही मामींशी बोलत जा. बायको म्हणजे काय मुकं जनावर आहे?"

"बोलतो की," मामा म्हणाले.

"मला तर कधी ऐकू आलं नाही."

"तुज्याशी कशाला बोलू? तिच्याशी बोलतो."

मला ते उडवाउडवीचं वाटलं. बायकांच्या गुलामगिरीवर माझं एक पत्रक तयारच होतं. ते मी मामांच्या ओट्यावर ठेवून आलो. त्यांनी ते वाचलं, घडी केली आणि गाईच्या दावणीच्या हलत्या खुंट्याखाली पाचर म्हणून ठोकलं.

आता दूध सोसायटीची गोष्ट. दुष्काळात सोसायटीकडं चारा यायचा आणि तो फक्त सभासदांना मिळायचा. सभासदांत बायका पुष्कळ होत्या, कागदावर. सभेला त्यांचे नवरे, दीर, पोरं येत आणि 'हजर' म्हणत. दोन-तीन मयतही दर सभेला हजर असत. याविरुद्ध मी पत्रक काढलं, 'ज्याचं नाव, त्याचाच आवाज'. ते आमच्या चेअरमनच्या, म्हणजे आप्पांच्या हातात पडलं. आप्पा हुशार. ते म्हणाले, बरोबर आहे पोराचं. यंदा पुकारा करू. तीन हाकांत स्वतःच्या तोंडानं जो 'हजर' म्हणणार नाही त्याचं नाव कमी, चारा बंद. त्यांचा हिशेब असा की बायका काही चार लोकांत तोंड उघडायच्या नाहीत. आम्ही घरोघर हिंडून बायकांना सभेला आणायचं ठरवलं, आणि पुकाऱ्याला अर्थातच मामा.

शाळेच्या स्टेजपुढं, पटांगणातल्या चिंचेखाली सभा भरली. मामांनी पांढरा सदरा नीळ घालून धुतला होता. सुरुवातीलाच त्यांनी बजावलं, "एकाच्या बदली दुसऱ्यानं व्हय म्हणलेलं चालनार न्हाय. ढोसायचं न्हाय, खुनवायचं न्हाय." मी टाळी वाजवली.

आणि काय पुकारा झाला तो! बायका पदर सावरत उठत होत्या, 'हाय' म्हणत होत्या, स्वतःच्याच आवाजाला लाजून खाली बसत होत्या. एका मयताच्या नावाला पुतण्यानं 'हजर' म्हटलं. मामा म्हणाले, "मयताचा पुकारा करायला माजी हरकत न्हाय. पर उत्तर त्यांनीच द्यावं." आप्पांचा मेहुणा सोलापूरला गेला होता, तीन हाकांत त्याचंही नाव गेलं. आप्पांचा चेहरा कडू झाला.

मग चिटणीसानं पुढचं नाव हळूच मामांच्या कानात सांगितलं. मामांचा हात कानामागं गेला नाही.

"काय झालं?" आप्पा म्हणाले.

"पुढचं घ्या," मामा म्हणाले. "हे मागनं."

आप्पांनी वाकून नाव बघितलं, आणि तो कडू चेहरा गोड झाला. गाय मामींची, म्हणून सभासदही मामीच होत्या. "मागनं कशाला? पुकारा की, मामा. नियम सगळ्यांना एकच."

मामी बायकांच्या घोळक्यात कडेला बसल्या होत्या. त्यांना यातलं काही ऐकू येत नव्हतं. त्या चिंचेची पानं वेचून ओच्यात घालत होत्या, गाईसाठी. घरातला चारा संपला होता, हे मला माहीत होतं. नाव कमी झालं तर ती गाय सोमवारच्या बाजारात उभी राहणार होती. मामींच्या शेजारणीनं कोपर हलवलं, तर आप्पा म्हणाले, "ढोसायचं न्हाय. मामांचाच नियम हाय."

मामांनी हात कानामागं नेला. तोंड उघडलं. हजारो नावं घेतलेला तो माणूस बायकोचं नाव काही घेईना. आमच्याकडं घेत नाहीत. घसा खाकरून ते म्हणाले, "आमची घरची मंडळी हाजिर होऽऽ!"

पटांगण हसून कोसळलं. "असं नाव सभासदांत न्हाय," आप्पा म्हणाले. "पर एक हाक झाली. मोजा."

मामा हसले नाहीत. त्यांनी डोळे मिटले आणि दुसरी हाक दिली, "भामाबाई हणमंत वाघमोडे हाजिर होऽऽ!" चिंचेवरचे कावळे उडाले. रस्त्यावरचा ट्रकवाला खाली वाकून बघायला लागला. सगळ्या बायका मामींकडं बघत होत्या. मामी पानं वेचत होत्या.

"एक राहिली," आप्पा म्हणाले.

मामा स्टेजवरून खाली उतरले. "कुठं निघालात?" आप्पांनी विचारलं.

"पुकारा कुठनं करावा ह्याला नियम न्हाय. म्या लिंबाखाली जाऊन बी केलाय, एकदा तर हाटेलात जाऊन."

ते बायकांच्या घोळक्यापाशी आले आणि मामींसमोर उकिडवे बसले. सावली पडली म्हणून मामींनी वर बघितलं. मामांनी पुकारा केला. आवाज काढलाच नाही. नुसते ओठ हलले, सावकाश, पुऱ्या नावानं. मामींची नजर त्या ओठांवर अशी होती, जशी रोजच असावी. कुठल्या शब्दापाशी ती चमकली ते मला दिसलं. त्यांनी पदर तोंडावर घेतला, मग काढला आणि कान गेलेली माणसं बोलतात तसं खणखणीत म्हणाल्या, "हाय की! हितंच हाय म्या!"

"हे चालनार न्हाय," आप्पा म्हणाले. "आवाजच आला न्हाय. पुकारा झालाच न्हाय."

मामा गुडघ्यांवर हात ठेवून उठले. "जिला बोलावलं तिला पोचला," ते म्हणाले. "बाकीच्यांस्नी समन्स नव्हतं. हजर म्हणून लिवा. पुढचं?"

चिटणीसानं लिहिलं.

त्या संध्याकाळी मी अंगणात पुढचं पत्रक लिहायला बसलो होतो. भिंतीपलीकडं गाय सोसायटीचा कडबा खात होती, त्याचा करकर आवाज येत होता. मामा नेहमीसारखे गप्प. मामींचा आवाज तेवढा येत होता.

"लोकाम्होरं नाव घेतलं माजं. लाज न्हाय काय तुमाला?"

शांतता.

"आनि त्याच्या आदी बी घेतलं व्हतं? मोठ्यानं?"

शांतता.

"समद्या गावानं ऐकलं, आनि मलाच न्हाय." मग मामी एवढ्या हळू बोलल्या, जेवढ्या हळू त्यांना बोलता येत होतं. "घ्या की परत."

मी हातातली लेखणी खाली ठेवली. पलीकडून बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही.