दोनशे मिली पातळ सूप

तयारी या विषयात आपला हात कोणी धरू शकणार नाही, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. कॉलेजच्या सहलीला निघतानासुद्धा तिच्या बॅगेत सुईदोरा असायचा, टॉर्च असायचा आणि टॉर्च दगा देईल म्हणून मेणबत्तीही असायची. तेव्हा नुसताच वर्गमित्र असलेल्या नवऱ्याने तिचं नाव ‘मॉनिटर’ पाडलं, ते लग्नानंतर सगळ्या घराने उचललं. नोकरीही तिला अशीच सापडली होती. विमा कचेरीत बसून लोकांनी भरलेल्या अर्जांतल्या चुका शोधायच्या! दिवसाला साठ अर्ज आणि डोळ्यांत तेल.

त्यामुळे वजन कमी करण्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली आणि दवाखान्याने सोळा पानी माहितीपुस्तिका हातात ठेवली, तेव्हा बाकीच्या पेशंटांच्या तोंडचं पाणी पळालं. मॉनिटरने मात्र पेन्सिलीला टोक काढलं.

“हे बघ,” ती नवऱ्याला म्हणाली, “ऑपरेशन डॉक्टर करणार, पण तयारी मी करणार. म्हणजे निम्म्याहून जास्त काम माझंच!”

“मग ऑपरेशनचा तो हिरवा डगला पण शिवून घे,” नवरा म्हणाला.

प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं मात्र नव्हतं. गेल्या वर्षी चार वर्षांची लेक, पिल्लू, बागेतल्या उंच घसरगुंडीवर चढली आणि वर जाऊन घाबरली. “आई, वर ये! आई, वर ये ना!” आई तिसऱ्या पायरीपर्यंत पोचली आणि दोन्ही कठड्यांच्या मध्ये बाटलीत बूच बसावं तशी बसली. शेवटी दुसऱ्याच कोणाच्या तरी आईने पिल्लूला खाली आणलं. पिल्लू ते संध्याकाळपर्यंत विसरली. मॉनिटर विसरली नाही. त्यानंतर चौदा महिने ती दवाखान्याच्या रांगेत होती, तेव्हा कुठे अठरा तारीख हातात आली होती.

अट एकच होती. ऑपरेशनआधी चौदा दिवस फक्त पातळ पदार्थ घ्यायचे. त्याने यकृत आक्रसतं आणि डॉक्टरांना आत काम करायला जागा मिळते. आदल्या दिवशी काट्यावर उभं राहायचं. वजन उतरलं नसेल तर तारीख रद्द आणि पेशंट पुन्हा रांगेच्या शेपटाला!

“नुसतं पाणी पिऊन माणूस सुरीखाली जाणार?” सासूबाईंनी डोळे मोठे केले. “अंगात काही ताकद नको?”

“आई, पाणी नाही, सूप आहे. भोपळा, गाजर, आलं, चिमूटभर मीठ. एका वेळी दोनशे मिली.”

“दोनशे मिली म्हणजे किती?”

मॉनिटरने मापाचा पेला दाखवला. सासूबाईंनी त्यात डोकावून पाहिलं आणि विहिरीचा तळ दिसल्यासारखा उसासा टाकला.

मॉनिटर दिवसभर कचेरीत असायची, त्यामुळे सूप सासूबाईंनी शिजवायचं, नवऱ्याने थर्मासात भरायचं आणि मॉनिटरने मोजून प्यायचं, अशी वाटणी झाली. ती प्रत्येक वाटी पेल्याने मोजायची. दोनशेदहा झालं तर दहा परत! पुस्तिकेत लिहिलं होतं, ‘रोज वजन करू नका, मन खचतं.’ तिने वजनकाटा चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकला. लिहिलं होतं, ‘पहिले तीन दिवस भूक छळेल, मग कमी होईल.’

पहिला दिवस खरोखर छळाचा गेला. दुसऱ्या दिवशीही पोटात कावळे ओरडले. तिसऱ्या दिवसापासून मात्र चमत्कार झाला. भूकच लागेना! वाटीभर सूप घेतलं की चार तास पोट तृप्त, डोकं शांत, आणि मधूनच एक छोटीशी ढेकर.

“विज्ञान म्हणतात ते हे!” ती नवऱ्याला म्हणाली. नवरा थर्मास धुण्यात फारच गर्क झाला.

दवाखान्यात त्या आठवड्याच्या सात पेशंटांचा तयारीचा वर्ग भरायचा. चौथ्या दिवशी मॉनिटर तिथे पोचली, तेव्हा बाकीचे सहा जण बस चुकलेल्या माणसांसारखे बसले होते. बस चालवणारे काकाच तर सर्वांत केविलवाणे दिसत होते.

“काल सिग्नलचा लाल दिवा बघून मला टोमॅटो आठवला,” ते म्हणाले. “हिरवा झाला तेव्हा काकडी.”

“मी काल गिऱ्हाइकाच्या बाहीचं माप घेता घेता त्याच्या दंडाकडे बघतच राहिले,” शिंपीणबाई म्हणाल्या.

गणिताचे निवृत्त सर काहीच बोलले नाहीत. बोलायला ताकद लागते.

“सगळा मनाचा खेळ आहे,” मॉनिटर म्हणाली. “मला तर भूकच लागत नाही!” आणि तिने थर्मासाच्या झाकणातून सहाही जणांना दोन-दोन घोट सूप दिलं.

सरांच्या गालांवर रंग चढला.

“ताई,” काका सद्गदित होऊन म्हणाले, “काय घालता यात?”

तिने कृती सांगितली. सगळ्यांनी लिहून घेतली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे फोन आले. कृती तीच, माप तेच, पण घरी केलं की लागतं नुसतं भोपळ्याचं पाणी!

“हाताची चव असते आमच्या आईंच्या,” मॉनिटर अभिमानाने म्हणाली. “तुम्ही असं करा, थर्मास घेऊन या!”

मग काय विचारता! रोज सकाळी सात वाजता दारात थर्मास घेऊन रांग लागायला लागली. काका रिकामी बस कोपऱ्यावर उभी करून धावत यायचे. सासूबाईंनी छोटं पातेलं आत ठेवलं आणि मोठा टोप बाहेर काढला. इतक्या लोकांनी इतक्या आशेने आपल्या स्वयंपाकाची वाट बघण्याची त्यांच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ होती. त्या गाणी गुणगुणायला लागल्या.

मॉनिटरची नजर अर्थात सगळीकडे होती.

“आई, फ्रिजमध्ये एवढं लोणी?”

“पिल्लूला. फार वाळलीय पोर.”

“आणि मागे ती सायीची वाटी?”

“ती पण पिल्लूची,” नवरा घाईने म्हणाला.

पिल्लूला कोणीच काही विचारलं नाही.

बाराव्या दिवशी मॉनिटरला कुर्ता काखेत घट्ट वाटला. कपडे धुतले की आटतात, असं तिने स्वतःला समजावलं.

सतरा तारखेला सातही जण दवाखान्यात हजर झाले, आपापले थर्मास घेऊन. आहारतज्ज्ञ बाई छडीसारख्या सडपातळ होत्या आणि त्यांचा आवाज फार शांत होता. पहिले सर काट्यावर चढले. बाईंनी आकडा पाहिला, कागद पाहिला, पुन्हा आकडा पाहिला.

“उतरा. परत चढा.”

सर उतरले, परत चढले. वजन दीड किलोने वाढलेलं! शिंपीणबाई दोन किलोने, काका तर चक्क साडेतीन किलोने! बाईंनी काट्याला हलकेच टपली मारली. मग एका नर्सला चढवून पाहिलं. काटा शहाण्यासारखा वागत होता.

“तुमचे दोन किलो सहाशे,” बाई मॉनिटरला म्हणाल्या.

“कमी?”

“जास्त.”

चौदा महिने! मॉनिटरला एकदम घसरगुंडीच्या शिडीच्या त्या थंड कठड्यांचा स्पर्श आठवला.

“तुम्ही सगळे नक्की काय घेत होता?” बाईंनी विचारलं.

सात थर्मास एकदम वर झाले. सरांच्या थर्मासात आदल्या दिवशीचं उरलेलं सूप रात्रभर फ्रिजमध्ये गार झालं होतं. बाईंनी झाकण काढलं, आत पाहिलं आणि पेनाने वाजवलं. टक टक!

“हे सूप आहे?”

“हो,” मॉनिटर म्हणाली. “भोपळा, गाजर, आलं, मीठ.”

“याच्यात पेन उभं राहतंय.”

मॉनिटर सावकाश वळली. सोबत आलेला नवरा छतावरचा पंखा असा निरखत होता, जणू तो त्यानेच बसवला होता. तिने घरी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा केला.

“आई, सुपात काही घालत होता का?”

“छे गं! काही नाही.” मग टोपावर झाकण ठेवल्याचा आवाज आला. “थोडं लोणी.”

“थोडं म्हणजे?”

“आधी चमचाभरच. पण माणसं वाढली, टोप वाढला. टोप वाढला की लोणी वाढणारच ना!”

“आई!” नवरा फोनवर ओरडला. “तू लोणी घालत होतीस? मग मी साय कशाला घातली असती?”

“तू साय घालत होतास? तरीच! मला वाटलं, माझ्याच हाताला चव आलीय!”

फोनमध्ये मागून एक बारीक आवाज आला. “आजी, माझं चीज सांगू नको हं.”

“पिल्लू, कसलं चीज?” मॉनिटरने विचारलं.

“माझ्या डब्यातलं. मी रोज तुझ्या वाटीत टाकायचे,” पिल्लू रडवेली झाली. “तुझं पोट कापणार आहेत ना? मग ते रिकामं असलं तर जास्त दुखेल.”

मॉनिटरला भयंकर राग आला होता. तो नेमका कोणावर काढायचा हे ठरण्याआधीच डोळे भरून आले, त्यामुळे राग तसाच राहून गेला.

आहारतज्ज्ञ बाईंनी पुस्तिकेचं अकरावं पान उघडून तिच्यापुढे धरलं. ‘घरच्या माणसांसाठी सूचना.’ पंधरा पानांवर मॉनिटरच्या पेन्सिलीच्या रेघा होत्या. हे एकच पान कोरं करकरीत होतं, कारण ते तिच्यासाठी नव्हतं म्हणून तिने वाचलंच नव्हतं, आणि ज्यांच्यासाठी होतं त्यांना दिलंही नव्हतं!

इतक्यात डॉक्टर आले. “माझी या आठवड्याची सातही ऑपरेशनं रद्द?” त्यांनी विचारलं. बाईंनी थर्मास पुढे केला. डॉक्टरांनी त्याचा वास घेऊन बघितला आणि गरजेपेक्षा थोडा जास्तच वेळ तो नाकाशी धरून ठेवला.

“नियमाप्रमाणे हे सगळे रांगेच्या शेवटी जातील,” बाई म्हणाल्या. “पण पुढच्या सात जणांना बोलावलं, तरी त्यांनाही तयारीला चौदा दिवस लागणारच.”

“मग हेच पुन्हा चौदा दिवस करू देत,” डॉक्टर म्हणाले. “आपापल्या घरी, आपापलं सूप.”

एकटी नापास झाली असती तर मॉनिटर रांगेच्या शेपटाला गेली असती. सगळा वर्गच नापास झाला म्हणून वाचली.

“मला माफ करा हो,” ती बाकीच्यांना म्हणाली.

“छे, ताई,” काका म्हणाले, “इतका चविष्ट उपास आयुष्यात घडला नव्हता!”

त्यानंतरचे चौदा दिवस पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे गेले, एवढंच सांगितलेलं बरं. अकरावं पान घरात तिघांनाही मोठ्याने वाचून दाखवण्यात आलं. पिल्लूला दोनदा.

आणि काटा उतरला. मॉनिटरचे चांगले सहा किलो! बाईंनी कागदावर सही केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मॉनिटर दवाखान्याचा डगला घालून चाकांच्या खाटेवर आडवी झाली. आता तिला भीती वाटत होती. कुठल्याच यादीत तिने भीतीसाठी रकाना ठेवला नव्हता. नवऱ्याने तिचा हात घट्ट धरला होता. सासूबाई वाकल्या आणि तिच्या कानाशी लागल्या.

“मॉनिटर, तुला एक सांगायचंय.”

“आई! पुन्हा काही घातलंत?”

“नाही गं. शप्पथ, एक थेंबही नाही. चौदा दिवस हात नुसता शिवशिवत होता.” त्यांनी पदराने डोळे टिपले. “तुला असं उपाशी बघवत नव्हतं, एवढंच सांगायचं होतं.”

मॉनिटरने त्यांचा हात आपल्या गालाशी धरला. वॉर्डबॉयने खाटेचा ब्रेक सोडला, चाकं फिरायला लागली. मग तिने मान उचलून, आजूबाजूला आहारतज्ज्ञ बाई नाहीत याची खात्री करून घेतली.

“आई,” ती हळूच म्हणाली, “खरं सांगू? अकराव्या दिवशी दुपारी चार वाजता घातलं असतंत ना... तर मी काही बोलले नसते!”