पंजाबराव मास्तर आणि आडवा मासा

"माशाचं मले काय सांगता? बीएस्सी हावो मी!"

एवढं बोलून पंजाबराव मास्तरांनी धनजच्या शाळेतली काचेची पेटी स्वतःच्या अंगावर घेतली. त्र्याहत्तर सालची गोष्ट.

पेटी हेडमास्तर उदयसिंगांच्या मेव्हण्याची. तो बोटीवर नोकरीला. सुट्टीवर येताना त्यानं डब्यांतून समुद्राचं पाणी, जिवंत पोवळ्याचे दगड आणि एक ट्रिगरफिश आणला. मासा असा रंगीत, की पोळ्याच्या बैलानं मान खाली घालावी. तपासणीला येणाऱ्या साहेबांना समुद्र दाखवायचा, हा हेडमास्तरांचा बेत. साहेब खूश झाले, की पंजाबरावांची तात्पुरती नोकरी कायम.

तपासणीच्या दिवशी हेडमास्तर साहेबांना आणायला एसटीवर गेले आणि पंजाबरावांनी पेटीत डोकावलं. मासा दोन दगडांच्या फटीत आडवा! फूटपट्टीनं ढोसलं, हलेना. हात घालून ओढलं, निघेना.

"मेला. वरून अकडला पण," बीएस्सीनं निदान केलं.

आणखी एक हिसका दिला, तर खारं पाणी दोन्ही डोळ्यांत. पेटीवर पांढरी चादर टाकून मास्तर डोळे पुसत व्हरांड्यात आले. समोर गोविंदा शिपाई.

"काहून रडून राह्यले सर?"

"गेला रे गोविंदा. कोणाले सांगू नको."

गोविंदानं कोणालाच सांगितलं नाही. फक्त घंटा दिली. मास्तर रडले की दोन मिनिटं शांतता आणि मग सुट्टी, ही शाळेची रीत. कोण गेलं ते विचारून सुट्टी वाया घालवायची रीत नव्हती. दुर्गाबाई मास्तरीणबाईंचा हात तर एवढा बसलेला, की त्यांनी दोन मिनिटं सव्वा मिनिटातच उरकली.

इकडे डोळे धुऊन पंजाबरावांनी प्रेत काढायला चादरीखाली हात घातला. प्रेतानं बोट चावलं.

हा मासा घाबरला की फटीत शिरतो, पाठीवरचा काटा बंदुकीच्या घोड्यासारखा ताठ करून अडकून बसतो, हे बीएस्सीला कोणी विचारलंच नव्हतं.

मास्तर आनंदानं बाहेर धावले. मैदान रिकामं.

"पोट्टे कुठं गेले बे?"

"दुखवट्याची सुट्टी झाली ना सर."

"अबे, मासा जित्ता हाये!"

"मासा?" गोविंदा गोंधळला. "आमी तं हेडमास्तरांच्या बोटीवरल्या मेव्हण्यासाठी उभे राह्यलो."

तेवढ्यात फाटकातून हेडमास्तर आणि साहेब आत आले.

"मुलं कुठायत?" साहेबांनी विचारलं.

"दुखवटा हाये, साहेब," दुर्गाबाई पुटपुटल्या.

"कोणाचा?"

पंजाबरावांनी निमूट त्यांना आत नेलं, चादर उचलली. एकदम उजेड पाहून मासा दचकला, फटीत शिरला आणि आडवा झाला.

साहेब प्राणिशास्त्राचे एमएस्सी. चष्मा सावरून त्यांनी वाकून पाहिलं आणि टोपी काढली.

"गेला बिचारा. एका माशासाठी दुखवटा पाळणारी शाळा मी पहिल्यांदाच पाहतोय. मास्तर, तुमचं काम आजच होईल."

'जित्ता हाये' हे पंजाबरावांच्या दातांपर्यंत आलेलं. चावलेलं बोट खिशात घालून त्यांनी ते शब्द गिळले.

साहेबांनी बाही वर सारली.

"चला, याला आपण निंबाखाली पुरू," म्हणाले आणि पेटीत हात घातला.

त्या वर्षी धनजच्या शाळेत मासा तेवढा कायम झाला.