नजर लागली तर कोहळ्याला लागो

तुमच्या घरातल्या लेकराचं वजन तुम्हाला भाजीत सांगता येतं का? किलोत नको, किलोत कोणीही सांगेल. भाजीत सांगा. येत नसेल तर आमच्या तेल्हाऱ्याच्या अनसामायच्या मते तुम्हाला लेकराची काळजीच नाही.

अनसामाय आमच्या शेजारची. वय सत्तरीकडे झुकलेलं, अंगानं काटकुळी, आवाज मात्र बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचणारा. मळ्यात भाजी स्वतः पिकवते, आठवडी बाजारात स्वतः विकते. बाजाराच्या आदल्या दुपारी तिच्या अंगणात कोहळी, पत्तागोबी, वांग्यांचा ढीग पडतो आणि त्या ढिगाशेजारी गल्लीतल्या बाया लेकरं घेऊन रांग लावतात. कडुलिंबाच्या फांदीला जुना दांडीचा काटा टांगलेला असतो. बाजारात ती आता इलेक्ट्रॉनिक काटा नेते. हा जुना फक्त लेकरांचा. पारडं उकळत्या पाण्यानं धुतलेलं, उन्हात तापवलेलं, वर मऊ लुगड्याची घडी. एका पारड्यात लेकरू बसतं, दुसऱ्यात भाजी चढते. दांडी सरळ झाली की अनसामाय पुकारते, "दोन कोहये, एक पत्तागोबी, वरून तीन वांगे! उतरवा!"

हा खटाटोप कशासाठी? तर आमच्याकडे लेकराचं वजन मोठ्यानं बोलत नाहीत. बोललं की नजर लागते म्हणे, लेकरू सुकतं. अंगणवाडीच्या ताईनं आकडा उच्चारला की सासवा मुद्दाम खोकायला लागतात. अनसामायनं त्यावर तोड काढली. आकडा तोंडातून काढायचाच नाही. नजर लागायचीच असेल तर कोहळ्याला लागेल.

मी पत्रकं वाचत मोठी झाले. हुंडा, अंधश्रद्धा, उघडी गटारं, न धुतलेले हात, या सगळ्यांविरुद्ध वडील पत्रकं काढायचे आणि मी ती दारोदार वाटायची. मला हे सहन होणं शक्यच नव्हतं.

"माय, नजरबिजर काही नसतं," मी म्हटलं.

"नसते ना? मंग कोहयाले लागू दे. तुह्या बापाचं काय जाते?"

"तू बायांना खोटं शिकवून राहिलीस."

"मी त्याइले पोट्टं तोलाले शिकवून राहिली. तू हात धू अन वांगे आन इकडं. लय बोलते पत्रकवाल्याची पोट्टी!"

पुढचा नियम तर त्याहून भयंकर. ज्या भाजीनं लेकरू तोललं तिला नजर चिकटलेली असते, म्हणून ती बाजारात न्यायची नाही. ती त्या लेकराच्या घरी शिजायची आणि पहिलं ताट लेकराच्या आईचं. आधी सासूनं खाल्लं तर? "तर नजर सासूवर उलटते." हे ती सासूच्या डोळ्यांत डोळे घालून सांगते. आता आमच्या गल्लीतल्या सासवा सुनेपुढे वाटी घेऊन उभ्या असतात, "खा वो लवकर, मले भूक लागली." मार्ग चुकीचाच, यावर मी आजही ठाम आहे. पण सुना जेवतात.

शास्त्र म्हणाल तर आनंद आहे. एकदा मळ्यात कोहळी जरा राक्षसीच निघाली. गल्लीतल्या सरलाचा मुलगा, मागच्या खेपेला चांगला दोन कोहळ्यांचा, यावेळी एकावरच उचलला गेला. त्याच्या आजीनं कपाळ बडवून घेतलं, "माय वो! माहा पोट्टा अर्धा झाला!"

अनसामाय शांत. "पोट्टा नाई घटला, कोहयं वाढलं. रडतं कायले? त्या कोहयाले नजर लावा थोडी."

मी म्हटलं, "म्हणूनच किलो वापरतात जगात."

"जगाले घाई हाय," ती म्हणाली आणि लहान कोहळी हुडकायला लागली.

तिचा दुसरा छंद नखांचा. "नख दाखव" हे तिचं नमस्काराच्या जागचं वाक्य. गॅसवाला असो, जावई असो, लेकराला हात लावायचा तर आधी तपासणी. राख चालते, साबण चालतो, "धुतले ना जी" हे उत्तर चालत नाही. निवडणुकीत मत मागायला आलेल्या एका उमेदवारानं फोटोसाठी सरलाच्या मुलाचा गालगुच्चा घ्यायला हात पुढे केला. अनसामायनं मध्येच मनगट धरलं. "नखात कायंकुट्ट हाय, भाऊ. असा हात लेकराच्या तोंडाजवय नाई न्यायचा." कार्यकर्ते हसले. उमेदवार मोरीवर जाऊन हात धुऊन आला. फोटोवाला तोवर चहाला गेला होता.

अशा या बाईचा स्वतःचा नातू मात्र तिच्या काट्यात कधी बसला नव्हता. मुलगा विलास अमरावतीला नोकरीला. सुनेचं, नेहाचं बाळंतपण माहेरी नागपूरला झालं. पोरगं आठ महिन्यांचं झालं तरी अनसामायनं ते फोनच्या काचेतच पाहिलेलं. फोनवर ती दर वेळी एकच सांगायची, "जरा उचलून दाखव न त्याले." विलास उचलायचा आणि इकडे अनसामायचे रिकामे तळवे आपोआप वरखाली व्हायचे.

मग निरोप आला. अकोल्यात लग्न आहे, सकाळी वाट वाकडी करून तेल्हाऱ्याला तासभर थांबतो. अनसामायनं अंगण दोनदा सारवलं, पारड्यात कोरं धोतर घातलं, ढिगातली सर्वात देखणी कोहळी बाजूला काढली. गल्लीतल्या बाया सकाळपासून दारात. पण विलासला मेथीची भाजी आवडते, म्हणून ती शेवटच्या घटकेला मळ्यात पळाली, आणि परत येते तो गाडी दारात उभी.

नेहा बाळाला घेऊन उतरली. अनसामायनं मेथीची जुडी खाली टाकली आणि दोन्ही हात पसरले.

"आई, हात जरा... नखांत माती आहे," नेहा म्हणाली. आवाजात उद्धटपणा नव्हता. बाळ नुकतंच तापातून उठलं होतं.

सगळ्या गल्लीनं त्या हातांकडे पाहिलं. अनसामायनंही पाहिलं.

"बराबर हाय, बाई," ती म्हणाली आणि मोरीवर गेली.

साबण झाला, ब्रश झाला, खापराचा तुकडा झाला, लिंबाची फोड झाली. नखं स्वच्छ निघाली. पण वऱ्हाडची काळी माती पन्नास वर्षं बोटांच्या भेगांत मुरलेली. ती कुठं निघणार? ती बाहेर यायची, उन्हात तळवे धरायची, पुन्हा आत जायची.

"माय, झाले स्वच्छ. ये आता," मी म्हटलं.

"कायंच दिसून राहिलं ना वो."

इकडे सरला नेहाला म्हणाली, "ठेवा न बाई काट्यात, घडीभराचं काम हाय." नेहा हसली. "नको हो, परवाच डॉक्टरांकडे केलंय. आठ किलो दोनशे!"

मोकळ्या अंगणात, भर गल्लीत. तीन बाया एकदम खोकल्या. मोरीतून बादली आपटल्याचा मोठा आवाज आला.

बाळ बापाच्या खांद्यावर झोपी गेलं. लग्नाची वेळ होत आली. अनसामाय बाहेर आली तेव्हा गाडी सुरू झाली होती. ओले हात पदराला न पुसता, हवेत तसेच धरून, तिनं काचेबाहेरून झोपलेल्या नातवाकडे पाहिलं. विलास म्हणाला, "पुढच्या खेपेला राहतो, आई." गाडी गेली.

मला संताप आला, पण तो कोणावर काढू? नेहानं माझ्या वडिलांच्या पत्रकात लिहिलेलंच केलं होतं. अनसामाय स्वतःच्याच नियमानं मागे सरली होती.

दुपारी मी तिच्याकडे गेले. बाजाराचा इलेक्ट्रॉनिक काटा अंगणात मांडलेला. ती त्यावर कोहळी चढवत होती, गोबी ठेवत होती, एक वांगं काढून दुसरं ठेवत होती. काट्यावर आठ किलो दोनशे आलं तशी थांबली. सगळी भाजी तिनं लुगड्याच्या धडप्यात घट्ट बांधली, गाठोडं उचलून खांद्याशी घेतलं, एक हात खाली, एक पाठीवर. आणि उभ्या उभ्या डोलायला लागली.

मी दिसले तरी ती थांबली नाही.

"भरला हाय बा माहा नातू," ती म्हणाली. "पाह्य बरं, घेऊन पाह्य."

मी हात पुढे केले. तिनं गाठोडं माझ्याकडे सरकवलं.

"हळू वो. डोकं सांभाळ."

नजर नसते, हे सांगायला मी गेले नव्हते. मी डोकं सांभाळलं.

वाचकहो, सणाला, लग्नाला तुम्हीही गावी जाल. लेकराला घेणाऱ्या प्रत्येकाला आधी साबण द्या. त्यात भीड ठेवू नका, आईचीसुद्धा नाही. पण हात धुऊन झाल्यावर भेगांतलं काळं मोजत बसू नका. साबणानं निघायचं ते निघालेलं असतं. लेकरू त्या हातांत द्या, आणि गाडी खोळंबली तर खोळंबू द्या.