सावंतकाकांची केबल कोपरीला जाते

आमच्या शेजारचे सावंतकाका कुणाकडेही गेले की आधी फ्रिजची वायर चाचपतात. तीही उपड्या हाताने, पोराचा ताप बघावा तशी. मग निकाल देतात, "वायर बोलत नाही, तापते." आमच्या गिझरला टेप गुंडाळलेली एक्स्टेंशन त्यांना एकदा सापडली. तेव्हापासून ते आमच्याकडे चहासुद्धा संशयानेच पितात.

डोंबिवलीच्या एका केमिकल कंपनीत काकांनी तीस वर्षं मेंटेनन्स सांभाळला. निवृत्त झाल्यावर एक जुनी स्कूल व्हॅन घेतली, सीटा उपटल्या आणि आत पलंग, पंखा, बॅटरी असं सगळं बसवलं. सोसायटीला वाटलं, म्हातारा आता हिमालयात निघाला. काकांना जायचं होतं तासाभरावरच्या कोपरीला.

सुमनकाकू, म्हणजे त्यांची बायको, फुप्फुसाच्या दुखण्यामुळे दोन वर्षं ऑक्सिजनच्या मशीनवर आहेत. मशीनला वीज लागते. कोपरीच्या चाळीत काकूंचा धाकटा भाऊ अण्णा अर्धांगवायूने खुर्चीत. ही हलू शकत नाही, तो येऊ शकत नाही. दोन भाऊबिजा फोनवर झाल्या. तिसरी समोरासमोर करायचीच, असा काकांनी हट्ट धरला.

गाडी मी चालवली, कारण काकांना बॅटरीवरून नजर हलवायची नव्हती. कोपरीला पोचलो तेव्हा बॅटरी अर्ध्यावर आली होती. आता अण्णांच्या घरातून गाडीपर्यंत वीज आणायची होती. ती नीट आली तर दिवसभर माहेर, नाहीतर तसंच मागे फिरायचं.

चाळीच्या गणेश मंडळाचे अध्यक्ष केबलचं भेंडोळं घेऊन हजरच होते. "काका, टेन्शन घेऊ नका. दहा दिवस अख्खी लायटिंग खेचते ही!"

काकांनी भेंडोळं हातात घेतलं आणि त्यांचा चेहराच बदलला. "लायटिंगच्या माळा आणि माझी बायको एक आहे का रे? वायर सुतळीएवढी, मध्ये तीन जोड. आणि गुंडाळलेलीच चालवतोस? आतल्या आत शिजते ती!"

मग त्यांनी स्वतःची केबल काढली. अंगठ्याएवढी जाड, बिनजोडाची. ती शेवटच्या वेढ्यापर्यंत उलगडायला लावली. सॉकेटचं अर्थिंग त्यांनी आठवड्यापूर्वीच येऊन नवं करून घेतलं होतं. समोरच्या वहिनी रांगोळीआधी अंगणात पाणी शिंपडायला निघाल्या, तर काका एवढ्या जोरात ओरडले की बादली वहिनींच्याच पायावर पालथी झाली. गाडीतलं बटण बंद, मग गाडीकडची पिन, मग भिंतीकडची, आणि सगळ्यात शेवटी स्विच.

आतलं बटण काकांनी स्वतः दाबलं. मशीन एकसुरात घुमत राहिलं. काकांनी हात वर केला, "वीज घेतली!" आणि चाळीने टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी तर शिट्टीच मारली.

चौघांनी अण्णांना खुर्चीसकट उचलून गाडीत ठेवलं. त्याच वहिनी निरांजन घेऊन आल्या तेव्हा काका पुन्हा आडवे आले. "ऑक्सिजनजवळ ज्योत? वेड लागलंय का?" खिशातून त्यांनी सेलवर लुकलुकणारी पणती काढून दिली. काकूंनी भावाला त्या प्लास्टिकच्या पणतीने ओवाळलं. हसता हसता त्यांना दम लागला, पण हसू काही थांबेना. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू!

काका मात्र बाहेर, केबलशेजारी स्टूल टाकून बसलेले. दोनदा जेवायला बोलावणं आलं, तरी उठले नाहीत. मीही तासाभराने हात लावून पाहिला, केबल गारच होती.

"काका, आता काही होत नाही. आत जाऊन बसा की."

त्यांनी गाडीच्या बंद दाराकडे पाहिलं. आत बहीणभाऊ एकाच वेळी बोलत होते.

"नको रे," ते हळूच म्हणाले. "दोन वर्षं तिला बोलायला मी एकटाच आहे. आणि मला वायरीशिवाय दुसरं काही बोलता कुठे येतं?"