‘छत्री विसरलीस तू’चे पाच गळे

“जगातली निम्मी भांडणं नीट ऐकू न आल्यामुळे होतात आणि ती माझ्या दुकानात मिटतात,” असं कानवाला चारचौघांत छाती पुढे काढून सांगायचा. उरलेल्या निम्म्यांचं काय, हे त्याला कुणी विचारत नसे, कारण मग तो तेही सांगत बसला असता.

कानवाला म्हणजे या घरचा जावई. ऐकू कमी येणाऱ्यांना कानातली यंत्रं बसवून द्यायचं त्याचं दुकान होतं. सासरी हे नाव त्याला इतकं घट्ट चिकटलं होतं की खरं नाव त्याचं त्यालाच आठवून सांगावं लागे. माणूस कामात चोख. फक्त आपण चोख आहोत हे तो दुसऱ्या कुणाला म्हणू द्यायचा नाही, आधी स्वतःच म्हणून मोकळा व्हायचा.

दुकानात त्याचा एक हातखंडा प्रयोग होता. गिऱ्हाइकाच्या कानात यंत्र बसवायचं, आपण आतल्या खोलीत जायचं, दार लावायचं आणि मोबाइलवरचं माइकचं बटण दाबून हळूच बोलायचं, “आजोबा, चष्मा कपाळावर आहे.” बाहेर आजोबा खुर्चीत उडायचे. मोबाइलपाशी बोललेलं थेट कानात जायचं, मध्ये भिंत असो की दार. हा प्रयोग दिवसातून इतक्या वेळा व्हायचा, की मोबाइल हातात आला की अंगठा आपोआप त्या बटणाकडे सरकायचा.

तर अशा या कानवाल्यानं सासू आणि सासरे दोघांनाही यंत्रं बसवली, आणि तिथंच सगळं बिनसलं.

सासूसासऱ्यांचं एक गाणं होतं, ‘छत्री विसरलीस तू’. कुणा मित्राच्या घरच्या पार्टीत या गाण्यावर ते पहिल्यांदा एकमेकांबरोबर नाचले आणि नंतर लग्नाच्या प्रत्येक वाढदिवसाला नाचत आले. गाणं तसं नशीबवान. आधी ते एका जाड्या गायकानं नुसत्या पियानोवर म्हटलं, इतकं सावकाश, की ती छत्री न्यायला परत येईपर्यंत कडक ऊन पडावं. मग चार झिपऱ्या पोरांनी ड्रम बडवत म्हटलं. मग दोन बहिणींनी. अलीकडे एका पोरानं कॉम्प्युटरमधून म्हटलं, ते ऐकताना तो स्वतःच मिटलेल्या छत्रीत अडकल्यासारखा वाटायचा.

घरात बरीच वर्षं बहिणींची टेप लागत होती. दोघांनाही धड ऐकू येत नव्हतं, त्यामुळे टेप सुरू झाली की सासूबाईंच्या डोक्यात जाड्या गायक गायचा आणि सासऱ्यांच्या डोक्यात ड्रम वाजायचा. दोघं सुखानं नाचायचे. यंदा लग्नाला चाळीस वर्षं होणार म्हणून लेकीनं हॉल घेतला, नातेवाईक बोलावले आणि सराव म्हणून घरी टेप लावली.

सासूबाई दोन पावलं टाकून थबकल्या. “या कोण बायका?”

“तेच म्हणतो मी,” सासरे म्हणाले. “ड्रम कुठे गेला?”

“कसला ड्रम? आपल्या गाण्यात ड्रम नव्हताच. पियानो होता.”

“अगं, मी नाचलोय त्या ड्रमवर.”

“माझ्याबरोबर नसाल नाचलात.”

झालं. त्यानंतर त्या घरात बोलणं बंद झालं. मीठ पुढे सरकवायचं तरी लेकीमार्फत. सासूबाईंनी जाहीर केलं, की पियानो नसेल तर मी वाढदिवसाच्या दिवशी बहिणीकडे जाऊन बसेन. सासऱ्यांनी जाहीर केलं, की ड्रम नसेल तर मी खुर्चीवरून उठणार नाही. आणि दोघांनी मिळून, म्हणजे वेगवेगळ्या खोल्यांतून, जाहीर केलं, की ही यंत्रं घरात आली नसती तर हे झालंच नसतं.

“तुझ्यामुळे झालंय,” बायको कानवाल्याला म्हणाली. “मला कळतंय तेव्हापासून ते दर वर्षी नाचतात. एकदा तर बाबांचा पाय प्लास्टरमध्ये होता तरी नाचले. यंदा नाही नाचले तर मला फार वाईट वाटेल, एवढं लक्षात ठेव.”

कानवाल्यालाही वाईट वाटत होतं, पण त्याला लगेच कल्पना सुचली आणि वाईट वाटायचं थांबलं.

“दोन मोबाइल घ्यायचे,” तो म्हणाला. “एकावरून आईंच्या कानात जाड्या गायक. दुसऱ्यावरून बाबांच्या कानात ड्रम. यंत्रात गाणं चालू झालं की बाहेरचं गाणं बंद, बोलणं तेवढं ऐकू येतं. हॉलमध्ये पाहुण्यांसाठी स्पीकरवर बहिणी. प्रत्येकाला वाटणार, आपलंच गाणं लागलं.”

“आणि पावलं कशी जुळणार?”

“चाळीस वर्षं जुळलीच ना?”

बायकोनं आपला मोबाइल काढून त्याच्या हातात दिला. बहुधा म्हणूनच पुढचं सगळं घडलं.

वाढदिवसाच्या संध्याकाळी कानवाल्यानं सासूबाईंना बाजूला घेऊन सांगितलं, “आई, पियानोवालंच लावतोय. बाबांनी माघार घेतली.” मग सासऱ्यांना गाठून सांगितलं, “बाबा, ड्रमवालंच लावतोय. आईंनी माघार घेतली.” दोघांच्याही चेहऱ्यावर विजयाचं तेज आलं. जिंकलेल्या माणसाला उदार व्हायला काय जातंय? सासऱ्यांनी हात पुढे केला, सासूबाईंनी तो धरला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. कानवाल्यानं तिन्ही गाणी एकदम सुरू केली.

पहिल्यांदा पाहुण्यांना ते गंमत म्हणून करताहेत असं वाटलं. सासूबाई पाण्यावरच्या नावेसारख्या सावकाश डुलत होत्या आणि सासरे त्यांच्याभोवती टुणटुण उड्या मारत होते. सासूबाईंची एक गिरकी होईपर्यंत सासऱ्यांच्या तीन व्हायच्या. “या वयात काय उत्साह आहे,” मावशी म्हणाली. मावशी म्हणजे सासूबाईंची ती बहीण, जिच्याकडे त्या जाऊन बसणार होत्या.

पण घाईचं गाणं लवकर संपतं, ही साधी गोष्ट कानवाल्याच्या ध्यानात आली नव्हती. सासऱ्यांच्या कानातला ड्रम थांबला. त्यांनी झुकून नमस्कार केला, घाम पुसला आणि समाधानानं जेवणाच्या टेबलाकडे निघून गेले. सासूबाईंचे डोळे मिटलेले होते. त्या हवेत हात धरून एकट्याच डुलत राहिल्या. मग स्पीकरवरच्या बहिणींचंही गाणं संपलं. हॉल शांत झाला. चमच्यांचा आवाज थांबला, आणि त्या शांततेत सासूबाई नाचतच होत्या.

काही वेळानं त्यांनी डोळे उघडले. नवरा समोर नव्हता. तो कोपऱ्यात प्लेट भरून कटलेट खात होता.

“अहो,” त्या तिथूनच ओरडल्या. “गाणं मध्येच सोडून जेवायला गेलात?”

“संपलं की गाणं.”

“चालू आहे अजून!”

“नाही गं, संपलंय,” मावशी समजुतीनं म्हणाली. आणखी दोघातिघांनी माना डोलावल्या.

सासूबाईंनी सगळ्या हॉलवरून नजर फिरवली. “तुम्हाला कुणालाच ऐकू येत नाही? अहो, पियानो वाजतोय. उद्या सगळेच माझ्या जावयाच्या दुकानात जा.”

कानवाल्याची पाचावर धारण बसली. दोन्ही मोबाइल घेऊन तो हॉलमागच्या स्वयंपाकघरात पळाला. मागोमाग बायको आली आणि तिनं दार लोटलं. आधी गाणं बंद करावं म्हणून त्यानं दोन्ही मोबाइलवर घाईघाईनं अंगठा दाबला. अंगठ्याला रोजची सवय. तो जिथे जायचा तिथेच गेला.

“आता काय करणार आहेस?” बायकोनं विचारलं.

“काही नाही. दोघांनाही थोडं थोडं खोटं सांगतो,” कानवाला म्हणाला. “आईंना सांगतो, बाबांना चक्कर आली म्हणून ते टेबलाकडे गेले. बाबांना सांगतो, आईंच्या यंत्रात बिघाड आहे. दोघंही भोळे आहेत, पटेल त्यांना.”

“माझ्या आईबाबांना भोळे म्हणू नकोस.”

“मग काय म्हणू? तुझ्या बाबांना ताल कळत नाही. ड्रम काय आणि पडलेलं पातेलं काय, त्यांना दोन्ही सारखंच. आणि आई इतक्या हळू नाचतात की त्यांच्यावर धूळ बसेल. दोघांच्या कानांत दोन गाणी घातली म्हणून निदान उभे तरी राहिले. उलट त्यांनी माझे आभार मानायला हवेत.”

बोलता बोलता त्याची नजर हातातल्या मोबाइलकडे गेली. माइकचं बटण हिरवंगार पेटलेलं होतं. दुसऱ्यावरचंही.

दुकानात हा प्रयोग करताना बाहेर गिऱ्हाईक कसं दिसतं हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं. आता दाराच्या फटीतून पाहिलं. सासरे आणि सासूबाई हॉलच्या मधोमध शेजारी शेजारी उभे होते. भांडण झाल्यापासून पहिल्यांदाच ते एका बाजूचे दिसत होते. सासऱ्यांनी अर्धं कटलेट सासूबाईंना दिलं होतं. दोघंही दाराकडेच बघत होते.

“बाहेर या जावईबापू,” सासरे म्हणाले. कानवाला बाहेर आला.

“धूळ बसते काय माझ्यावर?” सासूबाई म्हणाल्या.

“आई, ते मी असंच…”

“यांना ताल कळत नाही, हे मी म्हणेन. चाळीस वर्षं पाय तुडवून घेतलेत मी. तुम्ही कोण म्हणणार?”

“बरोबर,” सासरे म्हणाले. “आणि ती हळू नाचते हे मी म्हणेन.” मग सासूबाईंकडे वळून विचारलं, “काय करायचं गं याचं?”

सासूबाईंनी शांतपणे दोन्ही कानांतली यंत्रं काढली. सासऱ्यांनीही काढली. चारही यंत्रं कानवाल्याच्या शर्टाच्या खिशात पडली.

“आता तुम्ही गा,” सासूबाई म्हणाल्या.

“मी? आई, मला गाता येत नाही.”

त्यांना काहीच ऐकू आलं नाही, त्यामुळे विषय तिथंच संपला. बायकोनं मदत करावी म्हणून त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिनं खुर्ची ओढून घेतली आणि ती ऐसपैस बसली.

कानवाला गायला. बारा माणसांच्या रांगेत उभं राहून बिल भरताना जसा आवाज निघतो, तशा आवाजात त्यानं ‘छत्री विसरलीस तू’ सुरू केलं. दुसऱ्या ओळीला मावशीनं कानात बोटं घातली. शब्द आठवेनात तेव्हा तो पहिलंच कडवं पुन्हा म्हणू लागला. आणि हॉलच्या मधोमध सासूसासरे नाचत होते, ना हळू ना घाईत, पावलाला पाऊल लावून, दर वर्षी नाचायचे तसे. दोघं कानगोष्टी करत होते. आपण कुजबुजतोय असं त्यांना वाटत होतं, पण कानात यंत्र नसल्यामुळे ते चक्क ओरडत होते.

“त्या पार्टीत नक्की कुठलं गाणं होतं गं?”

“मला काय माहीत! मी तुमच्या बुटांकडे बघत होते.”

“मी तुझ्याकडे बघत होतो.”

“हळू बोला, लोक ऐकतील.”

लेकीनं डोळे पुसले. पाहुणे जेवायचे थांबले होते. एकटा कानवाला तेवढा घामाघूम होऊन पाचव्यांदा छत्री विसरत होता.

नाच संपला. कानवाल्याच्या खिशातून आपली यंत्रं काढून सासूबाईंनी ती पुन्हा कानात बसवली. तेवढ्यात मावशी कानातली बोटं काढून जवळ आली आणि म्हणाली, “काय सुंदर नाचलात गं! पण हे गाणं कसं काय चाललं तुम्हाला?”

“फारच छान होतं,” सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी जावयाच्या पाठीवरून हात फिरवला. “एक अक्षर ऐकू आलं नाही. पुढच्या वर्षी हेच लावू.”